इसार परत घेतला

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आधी कबुली देते. गेल्या शनिवारी रात्री मी हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापुरात उतरले आणि घरी आले नाही, मैत्रिणीकडे झोपले. आई, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. घरी आले असते तर सकाळी बाबांनी स्कूटर काढून हौसेनं ते घर दाखवलं असतं आणि त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून 'नको' निघालं नसतं.

जुळे सोलापुरातलं ते घर आपण घेत नाही आहोत. इसाराचे ५१ हजार घरमालक काकांनी कुरकुर न करता बाबांच्या खात्यात टाकलेत. तुमचा शब्द खाली पडला नाही बाबा, 'पोरगी ऐकत नाही' एवढंच सांगा. लहानपणापासून ते खरंच आहे.

तुमची नजर चुकली असं म्हणत नाही. तुम्ही पाहिलंत तेव्हा रंग नुकताच झाला होता. पण नव्या पेठेत मला कडेवर घेऊन 'चादर आधी उलटी कर, सुलट बाजू सगळेच दाखवतात' असं तुम्हीच म्हणायचात ना? रविवारी एकटीनं जाऊन मी त्या घराचं तेवढंच केलं.

भाडेकरूच्या बायकोनं चहा दिला. ती आधी काही बोलेना, घरमालक भाडं वाढवेल ही भीती. मग म्हणाली, पावसात मागच्या खोलीत बादली लागते. स्टुलावर चढून स्लॅबला रुपयाचं नाणं आपटलं, तर दोन हातांएवढ्या जागेत ढब ढब, पोकळ आवाज. आतली सळई गंजली की फुगते आणि सिमेंट सुटतं, गच्चीवरच्या कोब्याला तर बोट जाईल एवढ्या भेगा. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या चिरा निघाल्यात, पुट्टीखालून पुन्हा उघडलेल्या. आपली काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते, तिच्यावर पाया उथळ असला की हेच होतं. सगळे दिवे-पंखे बंद करूनही मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे वीज कुठेतरी गळतेय. आणि हौद! उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, आणि यांचा हौद दोन दिवसांत तळ गाठतो. रात्री खडूनं रेघ मारून ठेवली होती म्हणाली, नळ एकही उघडा नव्हता, सकाळी पाणी वीतभर खाली.

ओळखीच्या इंजिनिअरनं साडेतीन लाखांचा अंदाज सांगितला. भाडं ९ हजार, म्हणजे तीन वर्षांहून जास्त भाडं दुरुस्तीतच जाणार. पण पैशाचं सोडा. मला दिसत होतं ते वेगळंच: मे महिन्याच्या उन्हात तुम्ही डोक्याला पंचा गुंडाळून त्या गच्चीवर उभे, डांबर लावून घेताय, गवंडी दुपारनंतर गायब. आणि भाडेकरूचा रात्री दहाला फोन, 'काका, पाणी गळतंय.' तुम्ही जाणारच, मी ओळखते तुम्हाला.

पैसे पोस्टात, ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवू. दर तिमाहीला व्याज खात्यात येतं, गवंडी शोधावा लागत नाही. पुढेमागे घर घ्यायचंच ठरलं तर भर पावसाळ्यात बघू, तेव्हा रंग काही लपवू शकत नाही.

बाबा, बीपीची गोळी सकाळी, चहाआधी, 'विसरलो' चालणार नाही. आई, तुझी जिन्याची कुरबुर मला कळते, या महिन्यात कठडा बसवून घेतेय, माणूस गुरुवारी येईल, त्याला चहाच द्या, जेवायला थांबवू नका. पासबुक भरून आणा.

गड्ड्याच्या जत्रेला येते. या वेळी सरळ घरीच. आई, शेंगाचटणी कमी तिखट कर, मुलांना झेपत नाही. माझ्यासाठी वेगळी, नेहमीची.

घरमालक काकांना राग आला असेल तर सांगा, मी फोन करून माफी मागेन. तुम्हाला आला असेल तर मात्र आल्यावरच.

तुमची,
चिमी