काका, मागच्या सस्पेन्शनबद्दल मनापासून आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

माझ्या 1971च्या शेव्हरोले सी-10 ट्रकला मागचं सस्पेन्शन कोणतं ठेवायचं, हा घोळ तुमच्यामुळे सुटला. हे चारचौघांत सांगावंसं वाटलं, म्हणून उघड पत्र लिहितोय. इथे डॅलसमध्ये जुन्या ट्रकचं वेड असलेली आपली माणसं आहेत, त्यांच्याही उपयोगी पडेल.

हा ट्रक एरवी रस्त्यावर असतो आणि अधूनमधून एनिसच्या टेक्सास मोटरप्लेक्स या ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या धावपट्टीवर, पाव मैल पळतो. मागचा अ‍ॅक्सल चासीला कशाने जोडायचा: शिडीसारखे ताठ लॅडर बार, चार दांड्यांचं फोर-लिंक की कंपनीचेच ट्रेलिंग आर्म, म्हणजे अ‍ॅक्सलपासून पुढे चासीपर्यंत जाणारे दोन लांब दांडे? विचारावं तो आपलंच घोडं पुढे दामटत होता. तुम्ही आधी विचारलंत, "हौद्यात सामान टाकतोस का? लांबचा प्रवास करतोस का?" दोन्हीला हो म्हटल्यावर लॅडर बारचा विषयच संपला. सरळ पळायला ते भक्कम, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की अ‍ॅक्सलला पीळ घ्यायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण जोडांवर येतो. फोर-लिंकला तुम्ही नावं ठेवली नाहीत. दांडे बसवायची भोकं बदलून ट्रक सुटतानाचा जोर कमी-जास्त करता येतो, हे कबूल केलंत. पण त्यासाठी चासीला वेल्डिंग आणि हौद्याच्या तळाला कापाकापी! माझ्या इंजिनाच्या ताकदीला ते नको, असं तुमचं स्पष्ट मत पडलं.

मग मूळ आर्म दाखवलेत. 1960 ते 1972च्या शेव्हरोले पिकअपमधली ही रचना. नॅसकार या अमेरिकन शर्यतींमधल्या कप गाड्या 2021च्या हंगामापर्यंत याच धर्तीच्या आर्मवर धावल्या. आर्म अ‍ॅक्सलच्या हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, घट्ट बांधलेले असल्यामुळे सुटताना हाउसिंगचं नाक वर उठू पाहतं तेव्हा तो जोर आर्मच्या पुढच्या टोकाने चासीला वर ढकलतो आणि टायर खाली दाबले जातात. आर्म लांब, म्हणून हा दाब एकदम न बसता सावकाश बसतो. रिकाम्या हौद्याचा ट्रक मागे हलकाच असतो; त्याला रस्त्यावर हेच मानवतं.

खरा दोष तुम्ही खडूने दाखवलात. टायर आणि चासी यांच्यामधलं अंतर दोन्ही बाजूंना खुणा करून मोजलंत, मग जॅकने अ‍ॅक्सल हळूहळू वर घेतला. एका बाजूची फट डोळ्यांदेखत कमी होत गेली. अ‍ॅक्सल बाजूला सरकू नये म्हणून चासीला जोडलेला आडवा दांडा म्हणजे पॅनहार्ड बार; तो आखूड असला की त्याचं टोक कमानीत फिरतं आणि अ‍ॅक्सलला बाजूला ओढतं. ट्रक खाली बसवला की ते जास्तच जाणवतं. लांब बार आडवा बसवल्यावर तुम्ही तीच मापं पुन्हा घेतलीत. फरक दिसल्याशिवाय बोल्ट शेवटचा आवळू दिला नाहीत, ही तुमची शिस्त मला फार भावली.

आर्मच्या पुढच्या टोकाला रबर बुशच ठेवायला लावलेत, कारण तिथे थोडा पीळ खाल्ला गेलाच पाहिजे. अ‍ॅडजस्टेबल शॉकअप आणि पिनियनचा (ड्राइव्हशाफ्ट अ‍ॅक्सलला जिथे जोडतो तिथल्या गिअरचा) कोनही तुम्हीच बसवून दिलात. आता ट्रक स्ट्रिपवर सरळ सुटतो आणि महामार्गावर शेपूट हलवत नाही.

एवढं करून मजुरीचं नावही काढू दिलं नाहीत. निदान जेवायला तरी या, काकूंना घेऊन. ड्राइव्हशाफ्टचा लूप (शाफ्ट तुटला तर त्याला खाली पडू न देणारं कडं) आणून ठेवलाय, तो तुमच्या देखरेखीखालीच बसवायचा आहे.

तुमचा,
सी-10वाला पुतण्या