इंटरनेटची वायर जोडायला आलेल्या तुम्हांस

स. न. वि. वि.

वयाने तुम्ही माझ्या मुलाहूनही लहान असाल, तरी या पत्रात मी तुम्हांला अहो-जाहोच करणार आहे. गेल्या मंगळवारी उंदराने कुरतडलेली वायर बदलायला तुम्ही आलात आणि ते काम वीस मिनिटांत संपवलेत. त्यानंतर तुम्ही जे केलेत त्याचे पैसे तुम्हांला कोणी देणार नव्हते, म्हणून हे पत्र.

मी घरी बसून प्रुफे तपासते. डाव्या पडद्यावर लेखकाचे हस्तलिखित आणि उजव्या पडद्यावर जुळवलेले पान, ही माझी नऊ वर्षांची मांडणी आहे. मिठाचा डबा कोणत्या फळीवर आहे हे जसे हाताला ठाऊक असते, तसे कुठे काय आहे हे माझ्या मानेला ठाऊक होते. जूनमध्ये एका दुकानातला माणूस मॉनिटरची केबल बदलून गेला आणि सारे उलटेपालटे झाले. डाव्या पडद्यावर जायचे तर माउस उजव्या कडेतून बाहेर न्यावा लागे, आणि हस्तलिखित उघडले की नेमके पानावरच येऊन बसे. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये करून देणारा माझा छोटा प्रोग्रॅम तर बेपत्ताच झाला. खाली टास्कबारवर त्याचे चिन्ह दिसे, पण दोन्ही पडद्यांवर त्याचा मागमूस नसे.

त्या दुकानातल्या माणसाला पुन्हा बोलावले, तेव्हा त्याने खुर्चीवर न बसता, वाकूनच दोन क्लिक केले आणि प्रोग्रॅम जुना झाला आहे, टाकून द्या, असे सांगून पाचशे रुपये घेतले. दुसऱ्याने फोनवरच विचारले, "काकू, या वयात दोन-दोन मॉनिटर हवेत कशाला?" दिवाळी अंकांची प्रुफे येण्याचे दिवस होते आणि मी दोन महिने पट्टा लावून मान सांभाळत होते. आपल्यालाच संगणक जमत नाही, असे मला खरोखर वाटू लागले होते.

तुम्ही मात्र आधी विचारलेत, "कोणत्या बाजूला काय ठेवता?" मग समजावून सांगितलेत की मुख्य पडद्याचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य, तिथून उजवीकडचे आकडे अधिक आणि डावीकडचे उणे. पुष्कळसे प्रोग्रॅम बंद होताना आपली जागा या आकड्यांत लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी तिथेच उघडतात. ज्यांना ही सवय नाही ते बहुधा मुख्य पडद्यावर येतात. माझ्या प्रोग्रॅमने उणे आकडा लिहून ठेवला होता, आणि सेटिंगमध्ये डावा पडदा उजवीकडे मांडला गेल्यामुळे उणे बाजूला पडदाच उरला नव्हता. "पाडलेल्या चाळीच्या पत्त्यावर पत्र टाकल्यासारखं झालंय, काकू," असे तुम्ही म्हणालात, आणि दोन महिन्यांत मी पहिल्यांदा हसले. पडद्याची चौकट ओढून डावीकडे नेलीत, प्रोग्रॅम पुन्हा उघडलात, आणि तो मुकाट्याने आपल्या जागी आला.

हे ज्ञान तुमच्याखेरीज आणखीही कोणाकडे असू शकले असते. मला विसरता येत नाही ते त्यापुढचे. बॅग खांद्याला लावून, चपला घालून तुम्ही दारात पोहोचला होतात. तिथून परत वळलात, चपला काढल्यात आणि म्हणालात, "एकदा बंद करून चालू करून बघू, नाहीतर मी गेल्यावर पुन्हा तेच व्हायचं." माझा संगणक उठायला चार मिनिटे घेतो. तेवढ्यात तुमचा फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा तुम्ही "निघतोच" म्हणालात आणि हलला नाहीत. सगळे आपापल्या बाजूला उघडल्यावर मला वाटले, आता "झालं ना?" असे विचाराल. तुम्ही विचारलेत, "आता मान वळवावी लागत नाही ना?"

काम संपल्यावर ते टिकते की नाही हे पाहायला थांबणारी माणसे मला हल्ली फार थोडी भेटतात. आमच्या वडिलांचा घड्याळवाला घड्याळ दुरुस्त केल्यावर एक रात्र स्वतःकडे ठेवून घेई, त्याची आठवण झाली. अर्थात त्याला फोन येत नसत.

विंडोज आणि शिफ्ट दाबून धरून डाव्या किंवा उजव्या बाणाची कळ दाबली की विंडो शेजारच्या पडद्यावर जाते, ही तुमची चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवली आहे. दोनदा उपयोगी पडली. अंक निघाला की एक प्रत तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवीन. ती न्यायला या, उंदरांनी पुन्हा वायर कुरतडण्याची वाट पाहू नका.

आपली नम्र,
प्रुफेवाल्या काकू