सूचना : बिलाच्या प्रिंटरचं हेड सांभाळा

सर्व दुकानदार सभासदांसाठी,

बिलावर उभी पांढरी रेघ उमटू लागली की लगेच नवीन हेड (कागदावर उष्णतेने छापणारी पट्टी) मागवू नका. बऱ्याचदा तो कागदाचा भुगा किंवा लेबलचा डिंक असतो. प्रिंटर बंद करा, हेड गार होऊ द्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने हलकेच पुसा. वाळल्यावरच झाकण लावा. रोल बदलतानाच हे उरकलं तर उत्तम. सॅनिटायझर नको, बहुतेकांत ग्लिसरीन असतं, त्याचा थर बसतो.

ब्लेड, टाचणी तर मुळीच नको! २०३ डीपीआयच्या (म्हणजे इंचाला २०३ ठिपके) हेडवर दर मिलिमीटरला ८ तापणारे ठिपके असतात; एक खरवडला की ती रेघ कायमची. डार्कनेस (छपाईचा गडदपणा) वाचता येईल इतकाच ठेवा. आणि स्वस्तातले खरबरीत रोल घेऊ नका, ते हेड झिजवतात.

– सचिव, व्यापारी मंडळ