माळ्यावरची भांडी

नाशिक

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

वाडा बिल्डरला द्यायचं ठरलंय, त्याला माझी ना नाही. भिंतींना पोपडे आलेत, पावसाळ्यात जीव मुठीत धरून राहावं लागतं. पण माळा रिकामा करायला भंगारवाल्याला बोलावू म्हणालास, ते मात्र करू नकोस.

पुण्याला मावशीकडे गेलो होतो, तेव्हा बाबा आणि मी शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघून आलो. दिनकर केळकर म्हणजे कवी अज्ञातवासी. घरचा धंदा चष्म्यांचा, आणि नाद जुन्या वस्तूंचा. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं हे संग्रहालय. पुढे सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तू आहेत म्हणे, मांडलेल्या त्यातल्या अडीचेक हजार.

कोथरूडचा मस्तानी महाल तिथे पुन्हा उभा केलाय, लोक तिथे रेंगाळतात. माझा पाय मात्र अडकित्त्यांपाशी निघेना. एकाला घोड्याचं रूप, एकाला पाखराचं. सुपारी कातरायची एवढंच काम, पण कारागिरानं त्यात जीव ओतलाय. पुढे पितळी वज्र्या. टाच घासायच्या वस्तूवर कुणीतरी पक्षी बसवलाय रे! तलवारी कुठल्याही संग्रहालयात दिसतात. बायकांनी रोज हाताळलेल्या वस्तूंना इतका मान मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. दिवे, दौती, वाद्यं, कोरीव दारं, सगळं त्या माणसानं गावोगाव हिंडून आणलं. नाहीतर त्यातलं बरंचसं वितळून गेलं असतं.

आपलं नाशिक तांब्यापितळेचं गाव. माळ्यावरचं घंगाळ, पानाचा डबा, बंब हे सगळं इथल्याच तांबटांच्या हातचं. घंगाळाच्या काठावर तुझ्या पणजीचं नाव घातलंय, ठोक्याठोक्यांचं, अजून बोटाला लागतं. किलोच्या भावानं ते जायला नको.

सगळं तुमच्या फ्लॅटमध्ये मावणार नाही, ते मला कळतं. तुला हवं ते तू ने, ताईला हवं ते ती नेईल. उरलेलं कुणाला द्यायचं ते मिळून ठरवू. कुठली वस्तू कशाची, कुणाच्या माहेरून आली, हे मी वहीत लिहायला घेतलंय.

दिवाळीला दोन दिवस आधीच ये. बंब फार जड आहे, बाबांना एकट्यानं उतरवू देणार नाही.

तुझी,
आई