खोल्या मोजल्या, माणसांची वयेही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनगणनेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे घरयादीत, राहण्याच्या खोल्या किती आणि कुटुंबात विवाहित जोडपी किती, असे दोन प्रश्न असतात. घरातली दाटी मोजण्याची आपली सगळी भिस्त विवाहित जोडप्यांच्या या गणतीवर आहे. शहरांतील घरटंचाईचा अंदाज बांधणाऱ्या केंद्राच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये तूट १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची सांगितली होती. त्यातली जवळपास ८० टक्के तूट दाटीमुळे होती, बेघरांचा वाटा अगदी थोडा. आणि दाटी कोणती, तर जोडप्याला स्वतंत्र खोली नसणे.

मग परळ-लालबागच्या एका खोलीत विधवा आई, पंचवीस वर्षांचा मुलगा आणि एकोणीस वर्षांची मुलगी राहत असतील तर? जोडपे नाही, म्हणजे दाटीही नाही! इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत २०११ पासून झोपण्याच्या खोल्या विचारतात आणि गरज वय व लिंगावरून काढतात. जोडप्याला एक, एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला एक, दहा ते वीस वयाच्या दोन भावांत किंवा दोन बहिणींत एक. त्या हिशेबाने या तिघांना तीन खोल्या लागतात. आपल्याकडे झोपायची खोली वेगळी विचारण्यात अर्थ नाही, हे मान्य. जिथे स्वयंपाक तिथेच अंथरूण, अशी घरे लाखोंनी आहेत. २०११ मध्ये देशातल्या ३७ टक्के कुटुंबांकडे एकच खोली होती. पण वयाचा निकष घ्यायला काय हरकत आहे?

खोलीच्या आकाराचाही घोळ आहेच. जनगणनेच्या व्याख्येत किमान २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २ मीटर उंच जागा म्हणजे खोली. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली आणि जेमतेम ३२ चौरस फुटांची कोंदट जागा, दोन्ही 'एक'च. (पोटमाळा मात्र उंचीत नापास, तिथे कुणी झोपत असले तरी.)

दुसरीकडे २०११ च्या जनगणनेत शहरांत १ कोटी १० लाखांहून अधिक घरे रिकामी आढळली होती. बंद घर मोजता येते. पण मुले परदेशी आणि तीन खोल्यांत दोन म्हातारी माणसे, हे घर कोणत्याच तक्त्यात वेगळे उठून दिसत नाही. ते दिसावे, पण त्यावरून कुणाला दंड नको. ब्रिटनने २०१३ पासून सामाजिक घरांतील (पालिका किंवा गृहसंस्थांच्या कमी भाड्याच्या घरांतील) कामाच्या वयाच्या भाडेकरूंची एक खोली जास्त निघाली तर घरभाड्याच्या मदतीतून १४ टक्के, दोन निघाल्या तर २५ टक्के कापायला सुरुवात केली. लहान घर उपलब्धच नसेल तर त्या भाडेकरूने जायचे कुठे?

२०२७ ची जनगणना मोबाइल ॲपवर आहे. खोल्यांची नोंद घरयादीत होते, माणसांची वये लोकसंख्या गणनेत. दोन्ही टप्प्यांची माहिती कुटुंबनिहाय जोडून, नावे वगळून, प्रभागवार तक्ते प्रसिद्ध करावेत, एवढीच मागणी आहे. घरबांधणीचे आराखडे आखताना महापालिकांना ते उपयोगी पडतील.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई