हजेरीपटावर नाव आहे, हातात कागद नाही: माननीय कामगारमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: प्रत्येक कामगाराला मराठीत आणि खऱ्या तारखेचे नेमणूकपत्र मिळण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

भोसरी आणि तळवडे परिसरातल्या लहान कारखान्यांची भविष्य निर्वाह निधीची आणि राज्य कामगार विमा योजनेची कामे मी गेली पंचवीस वर्षे करतो. दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत दोन्ही चलने भरणे, नव्या माणसाचा यूएएन (भविष्य निर्वाह निधीचा कायम खाते क्रमांक) काढणे, सोडून गेलेल्याची तारीख टाकणे, दिवाळीच्या तोंडावर बोनसचे हिशेब करून देणे, असे या कामाचे स्वरूप आहे. माझी फी मालक देतो. अडलानडला कामगार मात्र फी न देता त्याच टेबलासमोर येऊन बसतो, त्यामुळे दोघांचेही म्हणणे मला ऐकावे लागते. तरीही हे पत्र मी दोघांपैकी कोणाच्या वतीने लिहीत नाही. ज्याच्या हातून हे कागद तयार होतात, त्या माणसाचे हे पत्र आहे.

2025 च्या जून महिन्यात एक टर्नर साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. पिशवीत चार ओळखपत्रे होती. चारही ओळखपत्रांवर फोटो त्याचाच, डोक्यावरचे केस तेवढे दर वेळी थोडे कमी. आस्थापनेचे नाव मात्र चारही ठिकाणी वेगळे. पहिले नाव मालकाच्या फर्मचे, दुसरे मालकाच्या पत्नीच्या फर्मचे, तिसरे एका लेबर कॉन्ट्रॅक्टरचे आणि चौथे प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे. शेड तीच, गेट तेच, आणि एप्रिल 2008 मध्ये ज्या लेथ मशीनवर तो पहिल्यांदा उभा राहिला, ते मशीनही तेच. प्रत्येक नावाखालची त्याची नोकरी चार वर्षे भरून थोडी पुढे गेलेली आणि पाच वर्षांच्या बरीच आधी संपलेली होती.

ग्रॅच्युइटी सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते, हे आपणांस सांगायला नको. त्याचे शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 18,200 रुपये होते. त्याला 26 ने भागून 15 ने गुणले की एका वर्षाचे 10,500 रुपये होतात आणि सतरा वर्षांचे 1,78,500. तीच सतरा वर्षे चार तुकड्यांत मोडली की रक्कम शून्य होते.

यातला माझ्यासाठी अवघड भाग असा की, त्या चारही नोंदी माझ्याच संगणकावरून गेल्या होत्या. 'नोकरी सोडल्याची तारीख' या रकान्यात मालकाने फोनवर सांगितलेली तारीख मी टाकली आणि तीन-चार दिवसांनंतरची तारीख घालून त्याच माणसाला पुढच्या आस्थापनेत रुजू करून घेतले. आमच्याकडे याला 'ब्रेक देणे' म्हणतात. त्या टर्नरने मला दोष दिला नाही. 'साहेब, यातले कोणते कार्ड धरायचे?' एवढेच त्याने विचारले, आणि त्याला देण्यासारखे सरळ उत्तर माझ्याकडे नव्हते.

कायदा त्याच्या विरोधात होता असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा लागू असलेला 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा कामगाराच्या दोषाविना पडलेला खंड सलग सेवेतच धरत होता. अनुचित कामगार प्रथांविषयीचा आपल्या राज्याचा 1971 चा कायदा तर आणखी स्पष्ट आहे: कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे ही त्या कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेली अनुचित प्रथा आहे. परंतु 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कल्याणी स्टील्स आणि सिप्ला यांच्या प्रकरणांत असा निर्णय दिला की, आपण या कामगारांचे मालकच नाही असे मालकाने म्हटले, तर आधी ते नाते योग्य त्या न्यायपीठापुढे सिद्ध झाले पाहिजे, त्याशिवाय या कायद्याखालची तक्रार चालणार नाही. वर्षभराची सलग सेवा दाखवण्यासाठी वर्षात 240 दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो, हे त्याच न्यायालयाने 2002 मध्ये सांगितले. आणि मालक-नोकर हे नाते सिद्ध करण्याचा भार, ते नाते आहे असे म्हणणाऱ्यावर असतो, हे 2004 मध्ये. हे निर्णय पुराव्याच्या नियमाला धरून आहेत, त्यांच्याशी माझा वाद नाही. माझे म्हणणे एवढेच की हजेरीपट, पगारपत्रक आणि चलन ही तिन्ही मालकाच्या कपाटात राहतात, आणि सिद्ध करायचे मात्र ज्याच्याकडे पिशवीभर ओळखपत्रांखेरीज काही नाही त्याने.

म्हणूनच 21 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्राच्या जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा मी सर्वांत आधी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेचे कलम 6 उघडले. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणुकीच्या वेळी नेमणूकपत्र द्यावे, आणि ज्यांना आजवर ते मिळालेले नाही त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत द्यावे, असे ते कलम सांगते. वृत्तपत्रांनी वेतनाच्या व्याख्येवर आणि हातात येणाऱ्या पगारावर रकानेच्या रकाने लिहिले. माझ्या मते चारही संहितांमधली सर्वांत मोलाची ओळ ही आहे. बाकीचे अनेक हक्क तिच्यावरच उभे आहेत. मुदतबंद नेमणुकीच्या कामगाराला आता एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी मिळू शकते, पण मुदतबंद नेमणूक म्हणजे लेखी करारावरची नेमणूक, अशीच तिची व्याख्या आहे. काम सुटल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे, पण काम कोणाकडचे सुटले हे आधी ठरायला हवे. कागद नसेल तर हे सगळे हक्क भिंतीवर लावलेल्या फलकासारखे राहतात.

आता त्या ओळीतल्या उणिवांकडे येतो.

पहिली उणीव आकड्याची आहे. ही संहिता मुख्यत्वे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. माझ्याकडच्या कामांत सहा माणसांचे पावडर कोटिंग, आठ माणसांचे प्रेस शॉप, चार माणसांचे टूल ग्राइंडिंग अशी युनिटे कितीतरी आहेत. वाहन उद्योगाची मोठी साखळी याच पत्र्याच्या शेडमधून सुरू होते, आणि नेमका हाच कामगार त्या कलमाच्या बाहेर राहतो. दुकाने व आस्थापनांचा आपला 2017 चा कायदाही दहा कामगारांपासूनच पूर्णपणे लागू होत होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसपर्यंत नेण्यास मान्यता दिली. व्यवसाय सुलभ व्हावा हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. परवाने कमी करा, नोंदवह्या कमी करा, विवरणपत्रे एकत्र करा; यात माझ्या धंद्याचे नुकसान असले तरी मी टाळ्या वाजवीन. नेमणुकीचा कागद मात्र त्या यादीत धरू नये, कारण तो सरकारला द्यायचा कागद नाही, एका माणसाने दुसऱ्याला द्यायचा आहे.

दुसरी उणीव तारखेची. नेमणूकपत्र सक्तीचे झाले म्हणून चार फर्मची चार नेमणूकपत्रे दिली, तर त्या टर्नरच्या पिशवीत चार कागद वाढतील आणि प्रश्न तिथेच राहील. नेमणूकपत्रात कोणती माहिती असावी आणि त्याचा नमुना कसा असावा हे समुचित शासनाने ठरवायचे आहे, म्हणजे आमच्यासारख्या खासगी कारखान्यांपुरते ते आपल्या खात्याच्या हातात आहे. त्या नमुन्यात फर्मच्या नावाआधी कामाच्या जागेचा पत्ता असावा, त्या जागेवर प्रत्यक्ष काम सुरू केल्याची मूळ तारीख असावी, त्या जागेवर याआधी कोणत्या नावाखाली काम केले याचा रकाना असावा, आणि कामगार कंत्राटदाराचा असेल तर मुख्य मालकाचे नावही असावे. भाषा मराठी असावी, आणि बाहेरून आलेल्या कामगाराला त्याच्या भाषेतली प्रतही मिळावी. इंग्रजीतल्या तीन पानांवर खूण केलेल्या जागी सही करून घेतलेला कागद मी पुष्कळ पाहिला आहे; पगारपत्रकाखाली आणि 'फुल अँड फायनल'वर, म्हणजे अंतिम हिशेबाच्या पावतीवर, तशाच सह्या असतात.

या पत्राला कोणाची परवानगी लागू नये, फक्त त्याची नोंद व्हावी. मालकाने ते आपल्या खात्याच्या संकेतस्थळावर चढवावे आणि नोंदीचा क्रमांक कामगाराच्या स्वतःच्या मोबाइलवर जावा. 'स्वतःच्या' हा शब्द मी मुद्दाम घालतो आहे. कित्येक कामगारांच्या यूएएनला सुपरवायझरचा किंवा कंत्राटदाराचा नंबर जोडलेला मी पाहिला आहे, आणि मग निधीतले पैसे काढायच्या वेळी ओटीपी ज्याच्या खिशात जातो त्याच्या विनवण्या कराव्या लागतात.

मालकांविषयी न लिहिता थांबलो तर ते अप्रामाणिक होईल. त्या टर्नरच्या मालकाने कोणाचे पैसे खावेत म्हणून फर्म बदलल्या, असे मला वाटत नाही. त्याला 240 या आकड्याची भीती होती. 240 दिवस भरले की माणूस 'परमनंट' होतो आणि मग त्याला काढता येत नाही, हे आमच्या वसाहतीत चहाच्या टपरीवर जितक्या खात्रीने सांगितले जाते तितक्या खात्रीने कायद्यातले दुसरे काहीच सांगितले जात नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. 240 दिवसांनंतर कायम करण्याचा नियम नमुना स्थायी आदेशांतला, म्हणजे सेवाशर्तींसाठी कायद्याने घालून दिलेल्या नमुना नियमांतला. ते आदेश महाराष्ट्रात पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेने ही संख्या 300 वर नेली आहे. सव्वीस माणसांच्या त्या शेडला हा नियम कधी लागूच नव्हता. त्याला लागू होती ती कपातीची तरतूद: वर्षभराची सलग सेवा असलेल्या माणसाला कमी करायचे असेल तर एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. ग्रॅच्युइटीचा भारही असा काही डोंगराएवढा नाही. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या तो 4.81 टक्के पडतो, म्हणजे या टर्नरच्या शेवटच्या पगारावर महिन्याला 875 रुपये. ते वाचवण्यासाठी त्या मालकाने चार नोंदण्या, वेगवेगळी बँक खाती आणि दर वेळची माझी फी सोसली. हा हिशेब मी त्याला वेळीच मांडून दाखवला नाही, ही माझी चूक.

त्याची अडचणही खरी होती. सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावे असे 2006 चा कायदा सांगतो. प्रत्यक्षात त्याचे पैसे तीन-तीन महिने अडकत, आणि पगाराच्या तारखेला तो ओव्हरड्राफ्टकडे बघत बसलेला मी पाहिला आहे. अशा माणसाला इन्स्पेक्टर या शब्दाची धास्ती वाटते. नव्या संहितांनी त्या पदाला 'निरीक्षक नि सुविधाकार' अशी जोडणी दिली आहे. तिच्यातला सुविधाकार औद्योगिक वसाहतीत महिन्यातून एक दिवस टेबल टाकून बसला आणि 240 चा खरा अर्थ मालकांना समजावून सांगू लागला, तर निम्मे 'ब्रेक' दंड न करताच थांबतील, असा माझा अंदाज आहे.

त्यासोबत एक सवलत द्यावी लागेल. आज मालकाने खरी मूळ तारीख लिहिली, तर मागच्या सगळ्या खोट्या तारखांची त्याने कबुली दिल्यासारखे होते, त्यामुळे तो ती लिहिणार नाही, आणि माझ्यासारखा सल्लागार त्याला लिही असे सांगणारही नाही. म्हणून सहा महिन्यांची एक खिडकी उघडावी: या काळात जो मालक खरी तारीख घालून नेमणूकपत्र देईल, त्याच्यावर मागच्या नोंदींबद्दल खटला भरला जाणार नाही. कामगाराचे देणे त्याने द्यायचेच, सूट मिळेल ती फक्त शिक्षेतून. याला दाखला आहे. 2017 मध्ये भविष्य निर्वाह निधी संघटनेने राहून गेलेल्या कामगारांची नावे घालून घेण्यासाठी मोहीम काढली, तेव्हा नुकसानभरपाईचा दंड वर्षाला 1 रुपया इतका नाममात्र ठेवला होता. माझ्या ओळखीच्या काही मालकांनी त्या वेळी पहिल्यांदाच सगळी नावे यादीत घातली.

खिडकी बंद झाल्यावर मात्र भार फिरवला पाहिजे. वेतन संहितेचे कलम 59 सांगते की, थकलेल्या किंवा कमी दिलेल्या वेतनाचा दावा झाल्यास पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. हेच तत्त्व एक पायरी अलीकडे आणावे: जिथे नेमणूकपत्र दिलेले नाही, तिथे कामगाराने शपथेवर सांगितलेली रुजू होण्याची तारीख, मालक ती खोडून काढीपर्यंत, खरी मानावी. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. त्यामुळे दहाच्या आतल्या आस्थापनांना नेमणूकपत्राच्या कक्षेत आणण्यासाठी आणि या गृहीतकासाठी राज्याला दुरुस्ती विधेयक मांडता येईल. त्याला राष्ट्रपतींची संमती लागेल आणि वेळही जाईल, हे खरे. नमुन्याचे काम मात्र त्यासाठी अडून राहण्याचे कारण नाही.

त्या टर्नरचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. त्याने दावा केला नाही. मालकाने बोलावून साठ हजार रुपये दिले, एका कागदावर सही घेतली, आणि तो निलंग्याजवळच्या त्याच्या गावी गेला. तो कागदही मीच टाइप केला होता.

एका पानाच्या नेमणूकपत्राचा मसुदा या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवला आहे. त्यातला पहिला रकाना नावाचा नाही. 'या जागेवर प्रत्यक्ष काम सुरू केल्याची तारीख' असा तो आहे. खात्यातल्या अधिकाऱ्यांनी त्यात फेरफार करण्यास माझी काहीच हरकत नाही, तो रकाना तेवढा पहिला राहू द्यावा.

कळावे,

आपला,
भोसरी येथील एक भविष्य निर्वाह निधी सल्लागार