बांधावरचा वेल ठेवलात, त्याबद्दल

आक्का, नमस्कार.

हे पत्र तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवणार आहे. चार लोकांनीही वाचावं म्हणून उघड्यावर लिहितोय, पण गावाचं नाव घालत नाही. खानापूर तालुका, जांबोटीकडचा रस्ता, एवढंच. नाव घातलं तर पुढच्या रविवारी बेळगावहून दहा गाड्या येऊन तुमच्या भाताच्या कडेला उभ्या राहतील आणि शिव्या मला बसतील.

पहिल्या भेटीतही शिव्याच बसल्या होत्या म्हणा. गणपती होऊन गेले होते, बांधावर तेरडा फुलला होता आणि मी पोटावर पडून एका फुलपाखराच्या पुढ्यातलं गवत उपटत होतो. काडी आडवी येत होती. मागून आवाज आला, "काय करूलास रे? त्या गवतानं तुझं काय वाकडं केलंय?" वळून बघतो तर तुम्ही, म्हैस आणि काठी. मी फोटोचं सांगायला लागलो. "फोटो काढ की. उपटतोस कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो स्वच्छ यावा म्हणून मागचं-पुढचं साफ करायची खोड आमच्यात बऱ्याच जणांना आहे. कबूल कुणी करत नाही.

मी तुमच्या बांधापर्यंत कसा आलो, ते कधी नीट सांगितलं नाही. शहराच्या कडेला एक माळ होता. फाउंड्रीतली रात्रपाळी सुटली की घरी न जाता तिकडे जायचो, कारण सकाळी ऊन कोवळं असताना फुलपाखरं पंख पसरून अंग तापवत बसतात, उडायची घाई नसते. श्रावणात कवला पिवळा व्हायचा, मग तेरडा, कुरडू, खुळखुळा. खुळखुळ्यावर ब्लू टायगरचे नर नुसते झोंबायचे. मधासाठी नव्हे. त्या झाडात एक कडू द्रव्य असतं, ते ओढून घेतात आणि त्यापासून माद्यांना भुलवायचा वास तयार करतात. एका उन्हाळ्यात जेसीबी आला, मुरूम पडला, प्लॉटचे दगड रोवले. आता तिथे लेआऊट आहे आणि फाटकाशी एक बाग. बागेत फुलं बारमाही, रोज पाणी, आणि फुलपाखरंही येतात. म्हणूनच काय गेलं ते मला दोन वर्षं कळलं नाही. फोटो मिळत होते ना! मग तीच तीच चार फुलपाखरं मिळायला लागली, मग तीही कधीमधी.

कळलं ते तुमच्यामुळे. तुम्ही काठीनं कुंपणावरचा वेल उचललात आणि म्हणालात, "तुझ्या पाखरांची पोरं हितं हाईत बघ." सापसंद. तिच्या वासानं साप येत नाही म्हणतात, म्हणून तुमच्या सासूबाईंनी ती ठेवली आणि पुढे तुम्ही. पानाखाली काळसर तांबड्या अळ्या होत्या, अंगभर मांसल बोंडं आलेल्या. क्रिम्झन रोझच्या. हे फुलपाखरू मी शेकडो वेळा टिपलं होतं, आणि त्याची अळी काय खाते हे मला पुस्तकातून पाठ होतं. वेल मात्र ओळखू येत नव्हता. मोठं झालेलं फुलपाखरू मध कुठेही पितं. घाणेरीवर पितं, एकदांडीवर पितं, बागेतल्या विलायती फुलावरही पितं. अंडी घालायची वेळ आली की मात्र मादी हटून बसते: प्लेन टायगरला रुईच्याच जातीतलं काहीतरी हवं, क्रिम्झन रोझला सापसंद. वेलातलं विष अळीच्या अंगात उतरतं, पुढे फुलपाखरातही राहतं, आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. आमच्या लेआऊटच्या बागेत मेजवानी होती, बाळंतपणाची सोय नव्हती.

त्याच दिवशी आणखी एक फजिती झाली, ती तुम्हाला सांगायची राहिली. घरी येऊन जुने फोटो काढले. क्रिम्झन रोझचं अंग लाल असतं. माझ्याकडे त्या नावानं जपलेल्या फोटोंत चांगले सात-आठ काळ्या अंगाचे निघाले, म्हणजे कॉमन मॉरमॉनच्या माद्या! पक्ष्यांना चकवायला त्यांतल्या काही क्रिम्झन रोझचं सोंग घेतात. आणि या सोंगाड्या वाढतात कशावर, तर कढीपत्त्यावर. तुमच्या परसातल्या झाडाची पानं कोण खातं, म्हणून तुम्ही वैतागला होतात ना, तेच ते.

मग तो बर्डविंगचा दिवस. वितभर पंखांचं, काळं-पिवळं, कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू. त्याच्या अळ्यांनाही सापसंदीच्याच कुळातले वेल लागतात. तासाभरात ओढ्याच्या ओल्या वाळूवर ब्लू मॉरमॉन बसलेलं सापडलं, ते महाराष्ट्राचं, २०१५ साली जाहीर झालेलं. घरी वडिलांना सांगितलं. सीमाप्रश्नात उमर गेलेला माणूस, पहिला प्रश्न, "मोठं कुठलं?" खोटं कसं बोलू? बर्डविंग मोठं म्हणालो. रात्री जेवताना बोलले नाहीत.

आता मुख्य आभार. यंदा तुमच्या भाऊबंदांनी पाठीवर पंप घेतला आणि सगळ्या बांधांवर तणनाशक मारत आले. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, त्यांचंही चूक म्हणता येत नाही. तुमच्या हद्दीशी तुम्ही उभ्या राहिलात. माझ्या फुलपाखरांसाठी नव्हे, हे मला माहीत आहे. "म्हशीला काय तुझं औषध घालू?" एवढंच तुम्ही म्हणालात, असं नातीनं सांगितलं. पण त्यानंतर गवत कापताना वेलाभोवती हातभर जागा सोडलीत, ती कुणासाठी? मी तर नुसतं एकदा बोललो होतो, कोष झालेत, साधारण पंधरवडा लागेल. तुम्ही दिवाळीपर्यंत विळा लावला नाहीत. पलीकडचा बांध पिवळा, वाळलेला, आणि तुमच्याकडे त्या सकाळी तीन रिकामे कोष आणि एक ओल्या पंखांचं क्रिम्झन रोझ, अजून उडता न येणारं.

त्याचा फोटो चांगला आला आहे. पुढ्यात गवताची काडी आडवी आहे, तशीच ठेवली.

तुम्हाला द्यायला मात्र दुसरा छापून घेतलाय. त्यात फुलपाखरू नाही. तुमचा हात आहे, बांगड्या आहेत आणि पान उलटं करून दाखवलेला वेल. पुढच्या सुट्टीला घेऊन येतो. ताकाची बरणीही माझ्याकडेच राहिली आहे, तीही आणतो.

तुमचा,
कॅमेरावाला